जुन्या पिक्चरमधला न्यूयॉर्कचा सबवे खरा की खोटा, कसं ओळखायचं

जुना हॉलिवूडचा पिक्चर लागला आणि त्यात न्यूयॉर्कचा सबवे, म्हणजे तिथली भुयारी मेट्रो, आली की मी पॉज करतोच. गाडीवर काय लिहिलंय, स्टेशनचं नाव काय, भिंतीवरच्या टाइल्स कशा आहेत हे सगळं बघून मगच पुढे जातो. हे कळतं कसं असं बऱ्याच जणांनी विचारलंय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. चार-पाच गोष्टी डोक्यात असल्या की कुणालाही जमतं, न्यूयॉर्कला गेलेलं असायची पण गरज नाही.

सगळ्यात आधी डब्याची रुंदी बघायची. स्टेशनचं नाव नंतर, कारण नावाची पाटी कुणीही बदलू शकतं, डबा रुंद करता येत नाही. न्यूयॉर्कचा सबवे एका कंपनीने बांधलेला नाही, त्यात तीन वेगवेगळी जाळी होती. आयआरटी सगळ्यात जुनी, तिचा पहिला मार्ग ऑक्टोबर १९०४ मध्ये सुरू झाला, मग बीएमटी, आणि १९३२ मध्ये शहराने स्वतः काढलेली आयएनडी. १९४० मध्ये तिन्ही एकाच छताखाली आल्या, पण बोगदे होते तसेच राहिले. आयआरटीचे बोगदे अरुंद, म्हणून तिचा डबा साधारण पावणेनऊ फूट रुंद आणि ५१ फूट लांब. बाकी दोघींचा डबा १० फूट रुंद आणि त्या काळात बहुतेक करून ६० फूट लांब. रुंद डबा आयआरटीच्या बोगद्यात शिरतच नाही. अरुंद डबा मात्र रुंद बोगद्यात आरामात जातो, फक्त प्लॅटफॉर्म आणि दरवाजा यांच्यात दोन्ही बाजूंना सात-आठ इंचांची फट राहते. ही फट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग गाडीवरचा आकडा किंवा अक्षर. आकडा असेल तर आयआरटी, अक्षर असेल तर बीएमटी किंवा आयएनडी, हा नियम साधारण १९६० नंतरच्या पिक्चरना डोळे झाकून लावता येतो. त्याच्या आधी मात्र सांभाळून, कारण बीएमटीचे मार्ग तेव्हा नकाशात आकड्यांनीच दाखवायचे. आणि AA, RR अशी जोडअक्षरं दिसली तर ती चूक समजू नका, १९८५ पर्यंत ती खरोखर चालू होती, बहुतेक लोकल गाड्यांना असायची. उलट सत्तरच्या दशकातली गोष्ट सांगणारा पिक्चर आहे आणि त्यात एकही जोडअक्षर कुठेच दिसत नाही, तर मला आधी शंका येते.

इथे एक चूक सगळेच करतात, मी पण केलेली आहे. आजचा नकाशा उघडायचा आणि जुन्या पिक्चरच्या चुका काढायच्या. असं करू नका. 'द फ्रेंच कनेक्शन' १९७१ चा, त्यातला कारने सबवेच्या गाडीचा केलेला तो पाठलाग ब्रुकलिनमध्ये वेस्ट एंड लाइनच्या खाली शूट झालाय, वरून रूळ आणि खाली लोखंडी खांबांमधून पळणारी कार. आज त्या मार्गावर डी गाडी असते, म्हणून कुणी म्हणालं की पिक्चरमध्ये डी दिसायला हवी होती तर ते चूक, कारण नोव्हेंबर १९६७ मध्ये क्रिस्टी स्ट्रीटचा जोडमार्ग सुरू झाला तेव्हापासून २००१ पर्यंत तिथली मुख्य गाडी बी होती. म्हणजे ज्या वर्षी शूटिंग झालं त्याच्या आसपासचा नकाशा शोधायचा. जुने सबवे नकाशे स्कॅन करून लोकांनी ऑनलाइन टाकलेले आहेत, सहज सापडतात.

याच पाठलागाला मार्गाच्या बाबतीत मी खूप वरचे मार्क देतो. बे फिफ्टीएथ स्ट्रीटपासून सिक्स्टी सेकंड स्ट्रीटच्या जवळपर्यंत, म्हणजे कोनी आयलंडकडून मॅनहॅटनच्या दिशेने, सगळं एकाच लाइनवर आहे. तुम्ही स्वतः पडताळून बघू शकता, कागदावर स्टेशनं क्रमाने लिहा: बे फिफ्टीएथ, ट्वेंटी फिफ्थ अॅव्हेन्यू, बे पार्कवे, ट्वेंटीएथ अॅव्हेन्यू, एटीन्थ अॅव्हेन्यू, सेव्हंटी नाइन्थ, सेव्हंटी फर्स्ट, सिक्स्टी सेकंड, आणि पिक्चर थांबवत थांबवत प्रत्येक पाटी दिसली की टिक करा. एडिटिंगमध्ये मागेपुढे होतं का ते लगेच कळतं. गाडी पण त्या काळातली खरी, आर ४२ जातीची, आणि त्यातले ४५७२ आणि ४५७३ हे दोन डबे भंगारात न घालता जपून ठेवलेत. त्याच पिक्चरमधला तो प्लॅटफॉर्मवर आत-बाहेर, आत-बाहेर करणारा सीन आहे ना, तो ग्रँड सेंट्रलला, फोर्टी सेकंड स्ट्रीट शटलच्या प्लॅटफॉर्मवरचा.

आता फटीकडे परत येऊ. 'द टेकिंग ऑफ पेलहॅम वन टू थ्री', १९७४, सबवेची गाडी प्रवाशांसकट ताब्यात घेणाऱ्या टोळीची गोष्ट. गाडी आयआरटीची, सिक्स नंबरची, ब्राँक्समधल्या पेलहॅम बे पार्कहून दुपारी १ वाजून २३ मिनिटांनी सुटलेली, म्हणून तिचं नाव पेलहॅम वन टू थ्री. रेडिओवर गाडीला ज्या नावाने हाक मारतात तेच पिक्चरचं नाव, मला हे फार आवडतं. पण चालू आयआरटी स्टेशन काही आठवडे शूटिंगसाठी बंद ठेवणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी ब्रुकलिनचं कोर्ट स्ट्रीट स्टेशन घेतलं, १९४६ पासून बंद पडलेलं. आणि कोर्ट स्ट्रीट आहे आयएनडीचं! म्हणजे अरुंद आयआरटी डबा रुंद आयएनडी प्लॅटफॉर्मला लागलेला. दरवाज्याच्या खालच्या कडेकडे बघा, माणसं आत-बाहेर करतात तेव्हा पायाखाली बघा. एकदा हे माहीत झालं की टोळी गाडी ताब्यात घेते तिथलं, ट्वेंटी एथ (२८ वा) स्ट्रीट म्हणून दाखवलेलं स्टेशन ट्वेंटी एथ स्ट्रीट वाटतच नाही.

टाइल्सवरून पण हे पकडता येतं. आयएनडीच्या स्टेशनवर साधी एकरंगी पट्टी असते, आणि तिचा रंग एका ठरलेल्या पद्धतीने बदलतो, एक्स्प्रेस स्टेशन आलं की नवा रंग आणि पुढच्या लोकल स्टेशनांवर त्याच रंगाच्या छटा. आयआरटीची जुनी स्टेशनं याच्या अगदी उलट, मोझेक, नक्षी, चित्रं, अॅस्टर प्लेसला बीव्हर, कोलंबस सर्कलला जहाज. तेव्हा कथा आयआरटीची आणि भिंतीवर साधी रंगीत पट्टी असेल तर तुम्ही दुसरीकडेच कुठेतरी उभे आहात हे नक्की. प्लॅटफॉर्म कुठे आहे ते पण बघायचं. चार रूळ असलेल्या मार्गावर लोकल स्टेशनला साधारणपणे प्लॅटफॉर्म दोन्ही कडेला असतात आणि एक्स्प्रेस स्टेशनला रुळांच्या मधे. एक्स्प्रेस न थांबणाऱ्या स्टेशनवर हिरो मधल्या प्लॅटफॉर्मवर उभा दिसला की बहुतेक वेळा ते दुसरंच स्टेशन असतं.

कोर्ट स्ट्रीटच्या शेजारचं स्टेशन हॉइट-शर्मरहॉर्न. तिथे कडेला जादा प्लॅटफॉर्म आहेत जे रोजच्या वापरात नाहीत, आणि 'द वॉरियर्स' मधले प्लॅटफॉर्मवरचे बरेच सीन तिथले आहेत, कथेत स्टेशन वेगळंच. कोर्ट स्ट्रीटला जायची ती छोटी शटल गाडी याच कडेच्या प्लॅटफॉर्मवरून सुटायची. म्हणजे सत्तरच्या दशकातल्या दोन सगळ्यात गाजलेल्या सबवे पिक्चरची खोटी स्टेशनं एकाच बंद पडलेल्या फाट्यावर आहेत. हे मला पहिल्यांदा कळलं त्या रात्री मी दोन्ही पिक्चर लागोपाठ पाहिले.

'द वॉरियर्स' चा मार्ग तपासणं हा चांगला अभ्यास आहे, आणि तो नकाशावर बोट ठेवूनच करायचा. त्यातल्या टोळीला ब्राँक्सच्या व्हॅन कोर्टलँड पार्कातून कोनी आयलंडला घरी जायचंय. पार्काजवळ शेवटचं स्टेशन वन (१) नंबरच्या गाडीचं, म्हणजे आयआरटी, आणि कोनी आयलंडला आयआरटी जातच नाही, तिथे फक्त अक्षरवाल्या रुंद गाड्या. म्हणजे कुठेतरी उतरून गाडी बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. वन गाडी टाइम्स स्क्वेअरला जाते, युनियन स्क्वेअरला नाही. आता पिक्चरमध्ये युनियन स्क्वेअर येतं, तर ते तिथे पोचले कसे हे तुम्ही स्वतः जोडून बघा, रस्त्यावरून किती पळाले आणि गाडीने किती गेले ते वेगळं काढा. आणि ती सुरुवातीची टोळ्यांची मोठी सभा ब्राँक्समधली म्हणून दाखवलीय, पण शूट झालीय मॅनहॅटनच्या रिव्हरसाइड पार्कमध्ये.

गाडी आणि स्टेशन झालं की पैसे बघायचे. याने पिक्चरचं वर्ष सापडतं आणि लेखकाने गृहपाठ केलाय का ते पण. जुलै १९४८ पर्यंत भाडं पाच सेंट, मग दहा, १९५३ मध्ये पंधरा सेंट झालं आणि तेव्हाच टोकन, म्हणजे नाण्यासारखी चकती, आलं, कारण टर्नस्टाइल (स्टेशनात शिरायचं फिरतं फाटक) दोन नाणी घेऊ शकत नव्हतं. म्हणजे १९५० ची गोष्ट आणि हातात टोकन असं दिसलं तर चूक. १९७२ पासून १९७५ पर्यंत ३५ सेंट, आणि पेलहॅममध्ये एक अधिकारी चिडून भाड्याचा उल्लेख करतो तो ३५ सेंटचाच आहे. डब्यातला नकाशा दिसला तर तो पण झूम करून बघा, सेंट्रल पार्क जवळजवळ चौकोनी आणि राखाडी दाखवलेलं असेल तर तो १९७२ चा विन्येली या डिझायनरचा नकाशा, १९७९ मध्ये तो बदलला. आणि मॅनहॅटनमध्ये थर्ड अॅव्हेन्यूवरून जाणारी एलिव्हेटेड (खांबांवरची) लाइन दिसली तर ते शूटिंग १९५५ नंतरचं असूच शकत नाही, कारण त्या वर्षी ती बंद झाली.

काही सीन असे असतात की त्यात तपासायला गाडीच नसते. 'द सेव्हन इयर इच' मधला मेरिलिन मन्रोचा तो झगा उडण्याचा सीन, लेक्सिंग्टन अॅव्हेन्यू आणि फिफ्टी सेकंड स्ट्रीटजवळच्या जाळीवर. जागा बरोबर आहे, खाली लेक्सिंग्टन लाइन खरंच जाते. वारा मात्र जाळीखाली ठेवलेल्या पंख्याचा होता, आणि सप्टेंबर १९५४ मध्ये तिथे एवढी गर्दी जमली की तो सीन स्टुडिओत परत घ्यावा लागला. 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट' ची सुरुवात पण डब्यातच आहे, पण तो पिक्चर बनला लॉस एंजेलिसमध्ये, डबा सेटचा. स्टुडिओतला डबा ओळखायची माझी खूण म्हणजे हलणं. खऱ्या गाडीत वळणावर सगळे उभे लोक एकाच बाजूला आणि एकाच क्षणी झुकतात, सेटवर प्रत्येक जण आपापल्या परीने डुलतो. खिडकीबाहेरचे दिवे पण बघा, वेग कमी-जास्त झाला तरी ते एकाच तालात जात असतील तर बाहेर बोगदा नाही. सेट म्हणजे वाईटच असं मात्र नाही हां, 'द इन्सिडंट' १९६७ चा, त्याला सबवे चालवणाऱ्या ट्रान्झिट अथॉरिटीने परवानगीच दिली नाही, तर त्यांनी डबा ब्राँक्समधल्या स्टुडिओत बांधला आणि बाहेरचे शॉट कॅमेरा लपवून घेतले. ती घुसमट आणि ते एकमेकांकडे न बघणं मला खऱ्या डब्यात शूट केलेल्या कितीतरी पिक्चरपेक्षा जास्त खरं वाटतं.

हाच प्रकार लंडन-पॅरिसला पण आहे, बंद स्टेशन म्हणजे शूटिंगची जागा. लंडनचं ऑल्डविच १९९४ मध्ये बंद झालं आणि तेव्हापासून पिक्चरमध्ये सारखं दिसतं, पॅरिसला पोर्त द लिलाला खास एक न वापरलेला प्लॅटफॉर्म आहे, 'अॅमेली' मधलं अबेस स्टेशन तिथलंच.

आता शेवटची तपासणी, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. गाडी चालवायची रीत. स्टेशन खोटं असलं तर मी माफ करतो कारण त्यामागे अडचण असते, पण ब्रेक कसा लागतो हे खोटं दाखवलं तर ते फक्त आळसामुळे. दोन गोष्टी माहीत हव्यात. एक, मोटरमनच्या हाताखालची मूठ दाबून धरलेली असेल तोपर्यंतच गाडी चालते, हात सुटला की इमर्जन्सी ब्रेक, त्याला डेडमॅन म्हणतात. दोन, रुळालगत सिग्नलजवळ एक छोटा दांडा असतो, सिग्नल लाल असला की तो वर उभा राहतो आणि गाडी तरीही पुढे गेली तर गाडीखालच्या व्हॉल्व्हला आपटून तिचा ब्रेक लावतो. मोटरमनने काहीही केलं तरी. म्हणून पिक्चरमध्ये बेफाम सुटलेली गाडी लालमागून लाल ओलांडत चाललीय असं दाखवलं की मी विचारतो, दांडे कुठे गेले?

'द फ्रेंच कनेक्शन' मध्ये मोटरमन बेशुद्ध होतो तेव्हा त्याचा हात मुठीवर आहे की सुटलाय ते थांबवून बघा, आणि शेवटी समोर उभ्या गाडीच्या तोंडाशी रुळालगतचा ब्रेकच लागतो ते पण बघा. पेलहॅममध्ये तर अख्खी कथाच यावर उभी आहे. ती टोळी मॅनहॅटनच्या टोकाच्या साउथ फेरी स्टेशनापर्यंत रस्ता मोकळा आणि सगळे सिग्नल हिरवे मागतात, कारण एक जरी लाल राहिला तरी दांडा गाडी थांबवणार. डेडमॅन असताना गाडी माणसाशिवाय चालेल कशी हा प्रश्न त्यातले रेल्वेवाले स्वतःच एकमेकांना विचारतात, आणि शेवटी साउथ फेरीच्या लूपवर, म्हणजे रुळांच्या गोल वळणावर, लाल सिग्नलच ती गाडी थांबवतो. प्लॅटफॉर्म दुसऱ्या कंपनीचा, डबे त्या काळाच्या मानाने अशक्य स्वच्छ कारण अथॉरिटीला ग्राफिटी, म्हणजे डब्यांवर रंगाने केलेली रेघोट्या-चित्रं, दिसायला नको होती, आणि तरीही मला कुणी विचारलं की सबवे सगळ्यात बरोबर कुठे दाखवलाय तर मी याच पिक्चरचं नाव घेतो.

सुरुवात त्याच्यापासूनच करा. पहिल्यांदा नुसता बघा, दुसऱ्यांदा नकाशा घेऊन. कोर्ट स्ट्रीटचं ते स्टेशन १९७६ पासून ट्रान्झिट म्युझियम आहे, रुळांवर जुने डबे उभे असतात, कधी जाणं झालं तर खाली प्लॅटफॉर्मवर उतरा आणि ज्या जागी ती गाडी उभी होती तिथे खाली वाकून बघा.