रिक्रूटर जेव्हा तुमच्या इतर मुलाखतींची चौकशी करतो

नोकरीच्या शोधाला नुकत्याच लागलेल्या उमेदवाराला रिक्रूटरचा फोन येतो, पगाराची अपेक्षा आणि नोटीस पीरियड विचारून होतो आणि मग सहज विचारल्यासारखा प्रश्न येतो, ‘सध्या आणखी कुठे कुठे मुलाखती चालू आहेत?’ समोरची व्यक्ती आपुलकीने बोलत असते आणि उत्तर टाळले तर संधी हातची जाईल अशी धास्तीही वाटते, त्यामुळे बहुतेक जण कंपन्यांची नावे सांगून मोकळे होतात. पुण्यात मी आधी एका कन्सल्टन्सीत, म्हणजे कंपन्यांना शुल्क घेऊन उमेदवार मिळवून देणाऱ्या संस्थेत, आणि नंतर एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात भरतीचे काम केले आहे. त्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नामागे काय असते आणि त्याला किती उत्तर द्यावे, हे येथे मांडत आहे.

कन्सल्टन्सीला पैसे मिळतात ते बहुधा उमेदवार रुजू झाल्यानंतरच. हे शुल्क अनेकदा वार्षिक सीटीसीच्या (कंपनी कर्मचाऱ्यावर वर्षभरात करणार असलेल्या एकूण खर्चाच्या) 8.33 टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याच्या पगाराएवढे असते, आणि ठरलेल्या मुदतीत उमेदवार नोकरी सोडून गेला तर बदली उमेदवार द्यावा लागतो किंवा शुल्क परत करावे लागते. आयटी क्षेत्रात 90 दिवसांचा नोटीस पीरियड सर्रास असल्यामुळे ऑफर स्वीकारलेला माणूस त्या तीन महिन्यांत दुसरीकडे जाण्याची शक्यताही मोठी असते. म्हणून तुम्ही अन्यत्र कोणत्या टप्प्यावर आहात आणि कधीपर्यंत निर्णय घ्याल, हे रिक्रूटरने विचारणे रास्तच आहे आणि त्याचे खरे उत्तर देणे तुमच्याही हिताचे आहे, कारण त्यावरूनच तो कंपनीकडे पुढच्या फेरीसाठी घाई करू शकतो.

कंपनीचे नाव, मुलाखत घेणाऱ्या मॅनेजरचे नाव आणि त्या पदाचा पगार यांचा मात्र या हेतूशी काहीही संबंध नाही. मी जिथे काम करत होते तिथल्या एक्सेल शीटमध्ये नेमके हेच रकाने होते, आणि फोनवर मिळालेली नावे त्यात भरली की ती यादी संध्याकाळी नवे ग्राहक मिळवणाऱ्या सहकाऱ्यांकडे जात असे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मॅनेजरला फोन होई, ‘आपल्याकडे जावा प्रोग्रामरच्या जागा निघाल्या आहेत असे कळले, आमच्याकडे तीन चांगले प्रोफाईल तयार आहेत.’ ज्या उमेदवाराने विश्वासाने नाव सांगितले, त्याच्याच जागेसाठी त्याच्याच तोंडच्या माहितीवरून आणखी तीन जण उभे केले जात, आणि याचा त्याला पत्ताही नसे. याला मी विश्वासघातच म्हणते, मग धंद्यात ते कितीही रुळलेले असो.

मुलाखत संपल्यानंतरचा फोन याहून नाजूक असतो. ‘कशी झाली मुलाखत, काही अडचण आली का?’ एवढे विचारणे हे रिक्रूटरचे कामच आहे. पण ‘काय काय विचारले ते आठवेल तसे सगळे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा’ अशी विनंती झाली, तर ती यादी बहुधा त्याच पदासाठी नंतर जाणाऱ्या उमेदवारांच्या हाती पडणार, हे समजून घ्यावे. त्यात पहिला नुकसानीत जातो तो तुम्ही स्वतः, कारण तुम्ही काही माहिती नसताना दिलेली उत्तरे आणि इतरांनी घोकून दिलेली उत्तरे एकाच मापाने मोजली जातात. शिवाय काही कंपन्या मुलाखतीआधी गोपनीयतेच्या करारावर सही घेतात. ती सही तुमची असते, रिक्रूटरची नसते, आणि प्रश्न बाहेर गेल्याचे उघड झाले तर जाब तुम्हालाच द्यावा लागतो. कोडिंगची घरी करायला दिलेली असाइनमेंट पुढे पाठवणे हेदेखील याच प्रकारात मोडते.

नकार सभ्य शब्दांत आणि थोडक्यात द्यावा. ‘दोन ठिकाणी प्रक्रिया चालू आहे, एका ठिकाणी शेवटची फेरी बाकी आहे, पुढच्या आठवड्यापर्यंत निर्णय अपेक्षित आहे; कंपन्यांची नावे मात्र मी सांगत नाही,’ एवढे पुरते. मुलाखतीबद्दल बोलताना भर कोणत्या विषयांवर होता आणि वातावरण कसे होते, इतपत सांगावे. चांगले रिक्रूटर हे ऐकून पुढच्या मुद्द्याकडे वळतात. नाव सांगितल्याशिवाय प्रोफाईल पुढे पाठवणार नाही असे कोणी म्हटले, तरी नावे सांगू नयेत; याला एकच अपवाद लक्षात घ्यावा: ज्या कंपनीत तो तुम्हाला पाठवू पाहतो तिथेच तुमचा अर्ज आधी गेला असेल, तर ते अवश्य सांगावे, कारण दोन ठिकाणांहून एकच प्रोफाईल आले की शुल्क कोणाचे यावरून वाद होतो आणि कंपनी तुमचे नावच बाजूला ठेवू शकते. त्यासाठी आधी त्याने त्याच्या ग्राहकाचे नाव सांगावे, मग तुम्ही हो किंवा नाही म्हणावे.

हातात नसलेली ऑफर आहे असे भासवण्याच्या मोहात मात्र पडू नये. पगाराच्या वाटाघाटीत अनेकदा पुरावा मागितला जातो. खरे ऑफर लेटर दाखवण्याची वेळ आली तर ते कोणाला आणि कशासाठी हवे आहे, हे आधी विचारून घ्यावे, आणि रक्कम व रुजू होण्याची तारीख वगळता सही करणाऱ्याचे नाव, कर्मचारी क्रमांक व पत्ता झाकूनच प्रत पाठवावी.