यू-बूटमध्ये नव्या बोर्डाचं दस्तऐवज लिहिताना या चुका टाळा

यू-बूट हा बोर्ड सुरू करणारा बूटलोडर. त्यात नव्या बोर्डाचा पॅच (कोडमधला बदल) चालतो, बोर्ड बूट होतो, पण दस्तऐवजात मात्र ‘मेक चालवा, कार्डावर लिहा’ एवढंच. लिहिणाऱ्याच्या टेबलावर सगळं आधीच जुळलेलं असतं. वाचणाऱ्याच्या हातात कोरं कार्ड असतं, आणि तो अडकतो.

सगळ्यात मोठा घोळ ऑफसेटचा, म्हणजे कार्डाच्या सुरुवातीपासून किती अंतरावर लिहायचं याचा. ऑलविनर चिपची बूट रॉम (चिपमध्येच कोरलेला पहिला कोड) कार्डावर 8 केबीपाशी एसपीएल, म्हणजे यू-बूटचा छोटा पहिला टप्पा, शोधते, आय.एमएक्स 6 ची 1 केबीपाशी, रॉकचिपची सेक्टर 64 वर, म्हणजे 32 केबीपाशी. कार्डावर इमेज लिहिणारी डीडीची कमांड देताना ब्लॉकचा आकार आणि सीक (सुरुवातीचे किती ब्लॉक सोडायचे) दोन्ही लिहा: 8 केबीसाठी ब्लॉक 1 केबी, सीक 8. ब्लॉकचा आकार राहिला तर डीडी 512 बाइट धरतं आणि इमेज 4 केबीवर पडते. एरर काही येत नाही, बोर्ड नुसता गप्प. ऑलविनरवर आणखी एक खोच आहे. जीपीटीचा, म्हणजे कार्डाच्या पार्टिशनचा, तक्ता सेक्टर 2 ते 33 अडवतो आणि 8 केबी म्हणजे सेक्टर 16. इमेज लिहून मग जीपीटी पार्टिशन केलं, तर एसपीएलवरच घाला येतो. एच3 आणि त्यानंतरच्या चिप 128 केबीवरही बघतात, तिथे तीच जागा सुचवा.

दुसरी चूक: बाहेरून लागणारं फर्मवेअर गृहीत धरणं. 64 बिट आर्म बोर्डांना बहुधा ट्रस्टेड फर्मवेअरचं बीएल31 (मुख्य यू-बूटच्या आधी चालणारं फर्मवेअर) लागतं, आय.एमएक्स 8एमला शिवाय डीडीआर ट्रेनिंगच्या (रॅम जुळवून घेण्याच्या) फाइली. कोणती आवृत्ती, कोणता प्लॅटफॉर्म, फाइल कुठे ठेवायची, हे बिल्डच्या आधी सांगा. इमेज जोडणाऱ्या बिनमनला गहाळ फाइल चालवून घ्यायला सांगितलं की बिल्ड पार पडतं, इमेज मात्र निकामी असते.

बोर्डाची आवृत्ती, बूट स्विचची स्थिती, सिरियलच्या पिना, व्होल्टेज आणि बॉड रेट (सिरियलचा वेग) हेही लिहा. रॉकचिपच्या बऱ्याच बोर्डांवर बॉड रेट 1500000 असतो. 115200 वर नुसता कचरा दिसतो आणि दोष बिचाऱ्या बूटलोडरवर येतो.

अडचणींचा भाग ‘शेवटची ओळ कोणती दिसली’ यावरून रचा. काहीच आलं नाही तर आधी ऑफसेट आणि स्विच, मग डिव्हाइस ट्री (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन). एसपीएलसाठी ट्री छाटली जाते. बूटचा टप्पा सांगणारी ‘बूटपीएच’ची खूण नसलेले नोड गळतात. यूआर्टला (सिरियल पोर्टला) खूण दिली आणि त्याच्या पिनकंट्रोलला (पिनांच्या जोडणीला) नाही, असं हमखास होतं. खुणा बोर्डाच्या ‘-यू-बूट.डीटीएसआय’ फाइलीत घाला आणि तोवर डीबग यूआर्ट चालू ठेवा.

एसपीएलचा बॅनर येऊन थांबलं, तर रॅमचं इनिशियलायझेशन किंवा दुसऱ्या टप्प्याची जागा बघा. रॉकचिपवर ती सेक्टर 16384. ‘डीरॅम’च्या ओळीवर अडकलं तर आकार तपासा. यू-बूट स्वतःला रॅमच्या वरच्या टोकाला हलवतं. 512 एमबीच्या बोर्डावर 1 जीबी सांगितलं की ते नसलेल्या मेमरीत उडी मारतं. ‘स्टार्टिंग कर्नल’नंतर शांतता असेल तर कन्सोलचं नाव चुकलेलं असतं, किंवा कर्नल आणि डिव्हाइस ट्रीचे लोड पत्ते एकमेकांवर चढलेले असतात.

डीफकॉन्फिग (बोर्डाच्या फक्त वेगळ्या सेटिंगची फाइल) म्हणून पूर्ण कॉन्फिग फाइल चिकटवू नका, ‘मेक सेव्हडीफकॉन्फिग’ने काढा. मेंटेनर्स फाइलीत (कोण काय सांभाळतं याच्या यादीत) दस्तऐवजाचाही पाथ द्या. दस्तऐवजाची नवी आरएसटी फाइल विक्रेत्याच्या इंडेक्समध्ये नोंदवली नाही, तर ‘मेक एचटीएमएलडॉक्स’ इशारा देतं आणि ते पान अनुक्रमणिकेत येतच नाही.