श्वासाच्या आवाजावरून आजार ओळखणारं मॉडेल बनवताय? या चुका टाळा

नवखे बहुतेक जण सुरुवात करतात ती आयसीबीएचआय २०१७ या श्वासाच्या आवाजांच्या डेटासेटपासून. पोर्तुगाल आणि ग्रीसमधल्या १२६ जणांची ९२० रेकॉर्डिंग्ज, त्यांत ६,८९८ श्वासचक्रं (एकदा श्वास आत घेऊन बाहेर सोडला की एक चक्र). डेटासेट चांगला आहे, नडते ती वापरणाऱ्यांची घाई.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सगळी श्वासचक्रं एकत्र करून ट्रेन-टेस्टमध्ये, म्हणजे मॉडेलला शिकवायच्या आणि त्याची परीक्षा घ्यायच्या गटांत, कशीही वाटणं. एक विद्यार्थी नव्वदीपार गेलेली अ‍ॅक्युरसी (बरोबर उत्तरांची टक्केवारी) घेऊन आला. पेपर लिहूनही तयार होता. मी त्याला फक्त फाइलींची नावं वाचायला लावली. नावातले पहिले तीन आकडे म्हणजे पेशंटचा नंबर. तेच नंबर दोन्हीकडे! मॉडेलला आजार कळलाच नव्हता, माणसं पाठ झाली होती. पेशंटनुसार वाटणी केल्यावर आकडा धाडकन खाली आला. पोरगा हिरमुसला, पण खरं काम तिथून सुरू झालं.

त्याच नावाच्या शेवटी उपकरण लिहिलेलं असतं, तेही कुणी बघत नाही. काही रेकॉर्डिंग्ज ४ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगची (सेकंदाला ४,००० नमुने), काही ४४.१ची. चारवाल्यांच्या स्पेक्ट्रोग्राममध्ये (कोणत्या वेळी कोणती फ्रिक्वेन्सी किती, हे दाखवणारं आवाजाचं चित्र) २ किलोहर्ट्झच्या वर काळोख, आणि मॉडेल नेमकं तेच पकडतं. मी आधी सगळ्या फाइली ४ किलोहर्ट्झवर आणतो, मगच पुढचं. तरीही प्रत्येक उपकरणाचा निकाल वेगळा काढून बघतोच.

नुसत्या अ‍ॅक्युरसीवर खूश होऊ नका. ९२० पैकी ७९३ रेकॉर्डिंग्ज सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) पेशंटांची आहेत. डोळे मिटून दरवेळी 'सीओपीडी' म्हटलं तरी ८६ टक्के मिळतात! सेन्सिटिव्हिटी (आजारी असलेल्यांपैकी किती पकडले) आणि स्पेसिफिसिटी (आजार नसलेल्यांपैकी किती बरोबर ओळखले) वेगवेगळी सांगा.

दम्याचा पेशंट यात एकच आहे. एवढ्यावर 'आमचं मॉडेल दमा ओळखतं' असं लिहिणं ही पेशंटांची फसवणूक आहे.

फोनवर रेकॉर्ड करताना नॉइज सप्रेशन (आजूबाजूचा गोंगाट पुसणारी सोय) बंद ठेवा. ते बोलण्यासाठी बनवलेलं असतं, त्याच्या लेखी क्रॅकल (फुप्फुसातला तडतड आवाज) म्हणजे कचराच.

विंडोची, म्हणजे स्पेक्ट्रोग्राम काढताना एका वेळी घेतलेल्या आवाजाच्या तुकड्याची, लांबीही विचार न करता उचलू नका. बारीक क्रॅकल जेमतेम ५ मिलिसेकंदांचा, व्हीझ (शिट्टीसारखा आवाज) मात्र ८०-१०० मिलिसेकंदांहून लांब. लांब विंडोत व्हीझची रेघ छान उठते आणि क्रॅकल फासला जातो. मी दोन वेगवेगळ्या लांबीचे स्पेक्ट्रोग्राम काढतो. आणि त्याच्याही आधी हेडफोन लावून निदान शंभरेक श्वासचक्रं ऐकतो. याला शॉर्टकट नाही. ज्याला स्वतःला क्रॅकल आणि स्टेथोस्कोप त्वचेवर घासल्याचा आवाज यांतला फरक ऐकू येत नाही, त्याला मॉडेल कुठे चुकलं हे कधीच सापडणार नाही.