मुलाची टिक आणि मनावरचा ताण : घरी काय करावे

माझा मुलगा पाचवीत असताना शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली आणि त्याचे डोळे मिचकावणे एकाएकी वाढले. गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी जेवताना तो हातातला घास तसाच धरून डोळे तीन-चार वेळा घट्ट मिटायचा आणि मग मान उजवीकडे झटकायचा. आम्ही ती खोड समजलो, आजीने दृष्टही काढली, आणि दर वेळी 'असं करू नकोस' म्हणून त्याला टोकत राहिलो. ते टोकणेच त्याला जड जात होते, हे आम्हाला फार उशिरा उमगले.

टिक, म्हणजे मनात नसताना पुन्हा पुन्हा होणारी अशी अचानक हालचाल, चिंतेमुळे जन्मत नाही. कोणती हालचाल होऊ द्यावी आणि कोणती रोखावी, हे ठरवण्यात मेंदूच्या खोल भागातील बेसल गँग्लियाचा मोठा वाटा असतो; टिक असलेल्या मुलांत या भागाचा आणि मेंदूच्या बाह्यपटलाचा मेळ काहीसा वेगळा असतो, व त्यात डोपामिन या रसायनाचाही संबंध आढळतो. शिंक येण्याआधी नाकात जसे हुळहुळते, तशी जाणीव पुष्कळ मुलांना टिकच्या आधी होते. मन धास्तावलेले असले की शरीरातील बारीकसारीक संवेदनांकडे लक्ष अधिक जाते आणि हालचाल दाबून धरण्याची ताकद कमी पडते. पुढे टिकचीच लाज वाटू लागली, की त्या लाजेतून आणखी चिंता निर्माण होते.

म्हणून सर्वांत आधी टोकणे थांबवावे, आणि पाहुण्यांसमोर तर या विषयाचा उल्लेखही करू नये. दोन आठवडे, मुलाच्या नकळत, वहीत वेळ आणि त्याआधी काय घडले ते लिहावे. आमच्या वहीत 'क्लासची रिक्षा येण्याआधी' हीच नोंद वारंवार होती. चित्र काढताना मात्र टिक जवळजवळ दिसत नसे. शिक्षकांना भेटून वर्गात मागच्या बाजूची जागा आणि गरज पडल्यास पाच मिनिटे बाहेर जाण्याची मुभा मागावी.

बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवावे, डोळेही तपासून घ्यावेत. हालचालींसोबत शुद्ध हरपत असेल किंवा मूल स्वतःला इजा करून घेत असेल, तर मुळीच थांबू नये. वर्तनोपचारात मुलाला ती हुळहूळ ओळखायला आणि त्याच क्षणी टिकच्या विरुद्ध जाणारी हालचाल करायला शिकवतात. उदाहरणार्थ, मान झटकण्याऐवजी हनुवटी किंचित खाली घेऊन, ऊर्मी ओसरेपर्यंत मान स्थिर ठेवणे. हे प्रशिक्षित व्यक्तीकडूनच शिकावे, कारण घरच्यांनी सक्ती केली की तेही टोकणेच ठरते. चिंता फार असेल तर तिच्यावर स्वतंत्र उपचार लागतात. कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येते.

टिक बहुधा 5 ते 7 वर्षांच्या वयात सुरू होते, 10 ते 12 च्या सुमारास सर्वाधिक दिसते आणि पुढे अनेकांत ओसरते. मधल्या काळात ती कमी-जास्त होतच राहते, त्यामुळे एखाद्या वाईट आठवड्यावरून उपाय फसला असे ठरवू नये. शाळेत दिवसभर दाबून ठेवलेली टिक घरी आल्यावर उसळू शकते. तेव्हा दप्तर ठेवल्यावर पहिला अर्धा तास अभ्यासाचे नावही काढू नये.