खरेदीखत, मोडी आणि हॅबिटिका

आमच्या माजघरातल्या पेटीत पणजोबांच्या काळातलं एक खरेदीखत आहे, मोडीत लिहिलेलं. ते दुसऱ्याकडून वाचून न घेता आपणच देवनागरीत उतरवायचं, असं मी ठरवलं. वाईत माझं मेडिकल आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचणारीला मोडीचं काय भय, असं गिऱ्हाइकं म्हणतात. भय असतं. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. वर आधी ओळभर रेघ मारून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता लिहीत जायचं, अशी पद्धत.

या कामासाठी मी हॅबिटिका नावाचं ॲप वापरते. आपली कामं म्हणजे खेळ, आणि आपण त्यातलं पात्र. काम केलं की अनुभवाचे गुण आणि गोल्ड मिळतं, रोजचं काम चुकलं की ५० पैकी हेल्थ कमी होते. हेल्थ शून्यावर आली की एक लेव्हल, सगळं गोल्ड आणि एखादं शस्त्र किंवा चिलखत जातं. ॲपमध्ये कामांचे तीन रकाने असतात: हॅबिट्स (केव्हाही, कितीदाही करायच्या गोष्टी), डेलीज (रोजची कामं) आणि टू डू (एकदाच करून संपवायची कामं). मोठ्या ध्येयाचा कुठला तुकडा कुठल्या रकान्यात घालायचा, यावरच सगळं अवलंबून आहे.

'मोडी शिकणे' असं एकच टू डू टाकलं तर ते पिवळ्याचं केशरी, केशरीचं लाल होत पडून राहतं. टू डू उशिरा झालं म्हणून हेल्थ कापली जात नाही. उलट जितकं जुनं आणि लाल, तितकं ते पुरं केल्यावर बक्षीस जास्त. म्हणून घाई वाटतच नाही. ध्येय मोठं आहे एवढंच इथे बिघडत नाही. ते झालं की नाही, हे कधी ठरवायचं तेच त्या दोन शब्दांत नाही.

म्हणून टप्प्याला माझी एकच परीक्षा: तो झाला हे तिसऱ्या माणसाला कागद दाखवून पटवता आलं पाहिजे. 'मुळाक्षरं पक्की करणे' या परीक्षेत बसत नाही. 'तक्ता न बघता क ते ज्ञ लिहून मुलीकडून तपासून घेणे' बसतं. असा टप्पा टू डूमध्ये. त्यासाठी रोज जे करायचं ते डेलीमध्ये, आणि तेही बारीक: 'मोडीच्या चार ओळी'. निकाल आपल्या हातात नसतो, चार ओळी असतात. निकालाला डेली केलंत तर जे झालंच नाही त्यासाठी रोज रात्री हेल्थ कापली जाईल आणि महिन्याभरात ॲप फोनवरून निघेल. हॅबिट्समध्ये मी फक्त एक प्लस ठेवला आहे: गिऱ्हाईक नसताना फोनवर फोटो काढून ठेवलेली एखादी ओळ वाचली की एक टिचकी.

आता खुद्द खरेदीखत. याचे तुकडे ओळीने पाडू नका. पहिली ओळ बहुधा सगळ्यांत अवघड असते, कारण तिथे शक, महिना, तिथी आणि कधी फसली (महसुली) सनसुद्धा एकत्र कोंबलेलं असतं. जिथे काय लिहिलं असणार याचा आधीच अंदाज बांधता येतो, तिथून सुरुवात करा. खरेदीखतात तो भाग म्हणजे चतुःसीमा, जमिनीच्या चारी बाजूंच्या हद्दी. पूर्वेस, दक्षिणेस, पश्चिमेस, उत्तरेस हे चार शब्द तिथे येणारच. ते सापडले की त्यांतली अक्षरं त्याच लेखकाच्या हातची, त्याच्या वळणाची मिळतात, आणि हे वळण कुठल्याही तक्त्यात नसतं. मग रक्कम: रुपये, आणे, पै. ती बऱ्याचदा आकड्यात आणि अक्षरी अशी दोन्ही असते, म्हणजे उत्तरही शेजारीच. नंतर घेणार-देणारांची नावं, कारण घरातली आडनावं आपल्याला पाठ असतात. मग साक्षीदार. अटींचा मजकूर आणि तारीख सर्वांत शेवटी. हे पाच टप्पे माझे पाच टू डू झाले. पण एका वेळी यादीत एकच ठेवायचा, बाकीचे वहीत. पाचही टाकले तर पाचही लाल होतात, आणि लाल रकाना बघून दुकान उघडायचा उत्साहही जातो.

चेकलिस्टबद्दल थोडं सांगते, कारण इथे बरेच जण फसतात. टू डूच्या आत चेकलिस्ट करता येते, आणि तिच्यातले टिक केलेले मुद्दे बक्षीस वाढवतात. पण बक्षीस हातात पडतं ते मुख्य टू डू पुरं केल्यावरच. वीस मुद्द्यांची चेकलिस्ट म्हणजे कित्येक आठवडे राबायचं आणि हाती काहीच नाही. चेकलिस्ट आठवड्यात संपेल एवढीच हवी: चतुःसीमेच्या चार दिशा, चार मुद्दे. आणि मुद्दे टिक करून मगच वरची खूण करा, नाहीतर वाढीव बक्षीस हुकेल.

वाचताना शब्द अडतोच. अडलेल्या शब्दासाठी टप्पा थांबवू नका. जागा रिकामी सोडा, वर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह, पुढची ओळ. 'अडलेले शब्द जाणकाराला दाखवणे' हे वेगळं, सोपं टू डू.

बक्षिसांच्या रकान्यात आपली आपण बक्षिसं घालता येतात, किंमतही आपणच ठरवायची. माझं आहे पाचगणीला जाऊन स्ट्रॉबेरी क्रीम. किंमत आठवडाभराच्या कमाईएवढी ठेवली आहे. स्वस्त ठेवली तर बुधवारीच घाट चढावा लागतो.

कोणाबरोबर पार्टीत, म्हणजे ॲपमधल्या गटात, असाल आणि राक्षसाशी लढाई चालू असेल, तर तुमची चुकलेली डेली सगळ्यांना लागते. माझी पुण्यातली भाची पार्टीत आहे. मी चार ओळी टाळल्या की सकाळी तिचा मेसेज: "मावशी, माझी हेल्थ बघ जरा!" कानउघाडणीला हे पुरतं. दिवाळीत किंवा मार्चअखेरच्या स्टॉक मोजणीत मी 'पॉज डॅमेज' चालू करते. तेवढ्या काळात चुकलेल्या डेलीची शिक्षा होत नाही. आणि दुकान बंद करून घरी जेवायलाच अकरा वाजतात, म्हणून सेटिंग्जमध्ये दिवसाची सुरुवात पहाटे तीनला ठेवली आहे. चार ओळी मी बहुतेकदा बारानंतरच लिहिते.