लागवडीआधी व्यापार कराराचं वेळापत्रक वाचा

नव्या हंगामाच्या लागवडीआधी माती, पाणी आणि रोपं यांचा हिशेब आपण करतोच. त्यात एका कागदाची भर घाला: आपल्या देशाने दुसऱ्या देशाशी केलेल्या व्यापार करारातलं शुल्ककपातीचं वेळापत्रक. कराराची बातमी चार दिवसांत विरते. आयात शुल्क मात्र वर्षागणिक उतरत राहतं आणि बाग भरात येते तेव्हाच ते शून्यावर आलेलं असू शकतं.

वेळापत्रकात आपल्या मालाचा एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठी मालाला दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक, शोधा. शुल्क आज किती, शून्य कोणत्या वर्षी, हे बघा. महिनेही बघा. २००४ साली लागू झालेल्या कोरिया-चिली करारात ताज्या द्राक्षांवरची सवलत नोव्हेंबर ते एप्रिलपुरतीच होती. उघड्यावरच्या कोरियन बागांचा हंगाम त्यामुळे वाचला. हंगामाच्या पुढे-मागे माल आणून चढा भाव घेणाऱ्याला मात्र असा आडोसा मिळत नाही.

कोटा, म्हणजे सवलतीत येणाऱ्या आयातीवरची मर्यादा, आहे म्हणून निर्धास्त राहू नका. १९९४ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा नाफ्टा हा व्यापार करार लागू झाला, तेव्हा मेक्सिकोला मक्यावरचं आयात शुल्क उतरवायला १५ वर्षांची मुदत होती. कोट्याबाहेरच्या मक्यावर जबर शुल्क लावायची मुभाही होती, पण सरकारने ते बहुतांशी लावलंच नाही. सावरायला मिळालेली वर्षं कागदावरच राहिली. शिवाय समोरचा अमेरिकी मका अनुदानावर पिकलेला. असे करार शुल्क उतरवतात, पण समोरच्या देशातलं अनुदान सहसा जसंच्या तसं राहतं. मला सगळ्यात जास्त हेच सलतं.

म्हणून फळबाग लावताना कर्जफेडीचं शेवटचं वर्ष आणि शुल्क शून्य होण्याचं वर्ष शेजारी-शेजारी लिहून बघा. कर्ज त्यानंतरही उरत असेल, तर सगळं क्षेत्र एका पिकाखाली आणू नका.

निर्यात करणाऱ्यांनी मालाच्या उगमाचा दाखला वेळेत काढावा. तो नसेल तर सवलत हुकते आणि पूर्ण शुल्क बसतं. आपला ग्राहक देश उद्या आपल्या स्पर्धकाशीही करार करू शकतो, तेव्हा एकाच देशाच्या भरवशावर लागवड वाढवू नये. काही करारांत युपोव्ह या नव्या वाणांवरच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या १९९१ च्या नियमांची अटही असते. तिथे संरक्षित वाणाचं घरचं बियाणं राखण्यावर बंधनं येऊ शकतात.

आणि विक्रीच्या पावत्या तारखेनुसार जपून ठेवा. आयात अचानक वाढून भाव पडला, तर संरक्षक शुल्क मागताना नुकसान आकड्यांनी दाखवावं लागतं.