निकोबारी पद्धतीचं नारळाचं पाण्याचं भांडं

निकोबार बेटांवर करवंट्या पोकळ करून, दोन-दोनच्या जोडीने बांधून त्यांत घरचं पाणी साठवलं जाई. कारागिरी फार नाही, धीर मात्र हवा.

नारळ पूर्ण पिकलेला, मोठा, शक्यतो गोल घ्या. कोवळ्याची करवंटी पातळ असते, ती सुकताना तडकते. सोडण काढून शेंड्या खरवडल्या की तीन डोळे दिसतात. त्यांपैकी मऊ डोळा, ज्यातून कोंब येतो, तो टोकदार काडीने फोडून पाणी ओता आणि भोक बोटभर रुंद करा. शेजारच्या टणक डोळ्यात गिरमिटाने (हाताने फिरवायच्या भोक पाडण्याच्या हत्याराने) दुसरं भोक पाडा. हातोडी मारलीत तर चीर थेट पोटापर्यंत जाते. दुसऱ्या भोकातून हवा आत शिरते, म्हणून पाणी गुडगुड न करता सरळ धारेने पडतं.

आता समुद्राचं पाणी भरून सावलीत ठेवा. दर तीन-चार दिवसांनी पाणी बदला. दोन-तीन आठवड्यांत खोबरं कुजून सुटतं. वास भयंकर येतो, तेव्हा हे घरापासून लांबच करा. मग मूठभर भरड वाळू आणि पाणी घालून जोरजोरात हलवा, ओता, पुन्हा हलवा. खोबऱ्याचा कण राहिला तर पाण्याला खवट वास येतो. बाहेरून वाळूने घासून खोबरेल चोळा. उन्हात वाळवू नका.

काथ्याची दोरी एका भोकातून आत घालून दुसऱ्यातून बाहेर काढा, म्हणजे ती मधल्या जाड पट्टीभोवती बसेल, आणि दुसरी तशीच करवंटी तिच्या टोकाला बांधा.